पारा ३४ असला तरी कुत्र्यांना धोका

उन्हाळ्यात कुत्र्यांना कसं जपावं हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला, पण ४० डिग्रीच्या वर गेल्यावर काळजी घ्या हे आमच्या रत्नागिरीला लागू पडत नाही. इथे मे महिन्यात पारा साधारण ३३-३४ वरच असतो पण हवा इतकी दमट की कुत्र्याने कितीही धापा टाकल्या तरी जिभेवरचं पाणी वाळत नाही, आणि अंग गार करायचा त्याचा मुख्य उपाय तोच, आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येतच नाही. गेल्या मे महिन्यात आमचा मोती सकाळी नऊला भाट्याच्या पुळणीवर पळून आला आणि चिऱ्याच्या पायरीवर बसला तो उठेचना, जीभ लालभडक, लाळ चिकट. पोटाला, पायांना पाणी लावत पंख्याखाली ठेवला, मग डॉक्टरकडे नेला, वाचला. आता साडेपाचलाच नेतो, तेही ओल्या वाळूवर.

– एक वाचक, रत्नागिरी