ताई, कळण्याचं पीठ पाठवतेय

अमळनेर
चैत्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथं कशाला काही कमी नाही, तरी गच्चीवरच्या खाटेची आठवण येऊन रडू येतं आणि मग माझी मलाच लाज वाटते." तेव्हापासून तेच मनात घोळतंय. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

लाज कसली गं त्यात? म्युनिकला तुझं चांगलं चाललंय. घर उबदार आहे, नळाचं पाणी सरळ तोंडाला लावता येतं, रात्री उशिरा एकटी ट्रामनं घरी येतेस आणि माझ्या जिवाला घोर नसतो. या सगळ्याचं मोल मला कळतं. पण म्हणून खाट आठवायची नाही, असं कुठे लिहिलंय? ती खाट आपोआप थोडीच गार व्हायची! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. दिवस कलला की तुझे नाना बादल्या घेऊन वर जायचे. पहिल्या बादलीची नुसती वाफ व्हायची, दुसरी जागच्या जागी जिरायची, त्यानंतर कुठे गच्ची निवायला लागायची. मग मी गोधड्या टाकायची, दादा मच्छरदाणीच्या काठ्या बांधायचा, आजी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची. तू अभ्यास आटोपून वर यायचीस तेव्हा सगळं तयार असायचं, आणि पाठ टेकायच्या आत तुझा डोळा लागायचा. तुला आठवतंय ते हे. तिकडे तुझ्या आधी जाऊन गच्ची निववून ठेवणारं कुणी नाही. उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं तुझं तुलाच उभं करावं लागतं. त्याचा शीण येणारच, आणि त्या शिणातच घर जास्त आठवतं.

तू मोबाइलवर पंख्याचा आवाज लावून झोपतेस हे ऐकून दादा हसला. मला नाही हसू आलं. जन्मापासून डोक्यावर पंखा फिरत असलेल्या पोरीला बिनपंख्याच्या छताखाली झोप लागायची कशी? त्यात उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड. लाव तो आवाज, खुशाल लाव.

माठाचं मात्र ऐक. माठ पाठव म्हणालीस, पण तो तिथं उपयोगाचा नाही. पाणी माठाच्या अंगातून पाझरतं, कोरड्या वाऱ्यानं त्याची वाफ होते, तेव्हा आतलं पाणी गार होतं. त्याला आपलं खान्देशी ऊन आणि अंग भाजणारा वारा लागतो. तिकडच्या हवेत माठ नुसता ओला होऊन बसेल. आणि तुझ्या नळाला मुळातच गार पाणी येतं. माठाच्या पाण्याला मातीचा जो वास असतो तो मला पाठवता येणार नाही. तेवढं इथं आल्यावर पी, पोटभर.

आता भरीत. ओव्हनमध्ये केलेलं भरीत "आपलं लागत नाही" म्हणालीस. नाहीच लागणार. आपली वांगी हिरवी, पांढरट रेघांची, मऊ सालीची, गर भरपूर आणि बी कमी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही. ती भाजायची पऱ्हाटीच्या काड्यांवर, शेतात, थंडीत. कापसाच्या काड्यांचा जाळ मोठा आणि झटपट असतो, साल करपते पण गर सुकत नाही, आणि धूर आतपर्यंत मुरतो. मग ते लाकडी बडगीत ठेचायचं. विजेच्या ओव्हनला धूर कुठून आणायचा? आणि तू घरात धूर करायला गेलीस तर छताला लावलेली ती धुराची घंटा वाजायची. तिकडे घराघरात ती कायद्यानं सक्तीची आहे, हे तूच सांगितलं होतंस.

पण मागच्या उन्हाळ्यात तू इसार नदीकाठचे फोटो पाठवले होतेस. गोट्यांवर माणसं शेगड्या मांडून बसलेली, कोळशावर काय काय भाजत होती. तिथं काही ठिकाणी भाजायला परवानगी असते ना? मग या उन्हाळ्यात तिथं वांगी ने. तुर्की भाजीवाल्याकडची मोठी काळी वांगीही चालतील. सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोच, तेलाचा हात लाव आणि कोळशावर सालीचा कोळसा होईपर्यंत भाज, घाई करू नकोस. हिरवी मिरची आणि लसूणही तिथंच भाजून घे. कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे मात्र घरून ने. तेलाला कंजुषी करू नकोस. चार मैत्रिणींना बोलाव. भरीत एकटीनं खायचा पदार्थ नव्हेच. आपल्याकडे भरीत-पुरीला शेतावर सगळी गल्ली जमते, म्हणून ते एवढं गोड लागतं.

मिरच्यांसाठी वेगळी युक्ती. त्या तव्यावर उघड्या भाजू नकोस. थोडं तेल टाकून, झाकण ठेवून, मंद आचेवर त्यांना डाग पडू दे. घंटा वाजणार नाही. आणि ठेचा खलबत्त्यात कुटायचा तर शनिवारी कुट. रविवारी तिकडे आवाज केलेला चालत नाही म्हणतात, आणि शेजाऱ्यांशी त्यावरून वाकडं नको.

कळण्याचं पीठ पाठवतेय. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट काळे उडीद आणि मीठ, असं आपल्या गिरणीतून दळून आणलंय. आल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाक, नाहीतर उडदामुळे त्याला वास लागतो. पाणी चांगलं गरम घे. हातावर थापता येत नसेल तर प्लास्टिकच्या कागदावर थाप, आजीला सांगू नकोस म्हणजे झालं. भाकर फुगली नाही तरी खा. नाना म्हणतात, नोकरीला लागल्यावर भुसावळला खोलीत एकटे राहायचे तेव्हा त्यांनाही भाकर जमत नव्हती. जाड, चिरा पडलेली भाकर आणि कांदा खाऊन त्यांनी दिवस काढले, आणि ती भाकर पोटात गेली की गाव फार लांब नाही असं वाटायचं.

तूप पाठवता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. बाहेरून येणाऱ्या सामानात दूधदुभत्याचे पदार्थ तुमच्याकडे चालत नाहीत, आणि वरण-बट्टी तुपाशिवाय म्हणजे नुसता घास गिळणं. पण लोणी तुमच्याकडे उत्तम मिळतं. बिनमिठाच्या लोण्याची 250 ग्रॅमची वडी घे, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेव आणि तिथून हलू नकोस. तडतड थांबली, तळाशी तांबूस बेरी दिसली की उतरव. बट्टीचं पीठ जाडसर हवं. रवाळ गव्हाचं पीठ मिळालं नाही तर साध्या कणकेत रवा मिसळ. ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन. आधी वाफवून घे, गार झाल्यावर काप, मग तळ. तळायचं नसेल तर तुझा तो ओव्हन इथं खरा कामाचा आहे. बट्ट्या छान खरपूस होतील.

आणि यातल्या दोन-चार बट्ट्या वरणासकट खालच्या मजल्यावरच्या त्या आजींना दे. तुझी पार्सलं त्या ठेवून घेतात, जिन्यात भेटल्या की चौकशी करतात. तू म्हणतेस इथं न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. नसेल जात. मग सांगून जा. इथं मागच्या दारानं कुणी ना कुणी डोकावतं, "काय केलं गं आज?" म्हणतं, ताटलीवर ताटली पालथी घालून काहीतरी देऊन जातं. लहान होतीस तेव्हा या ये-जाचा तुला कंटाळा यायचा. आता त्याच गोष्टीसाठी जीव तुटतो, हे मला तुझ्या आवाजात कळतं. तिकडे सुरुवात तुलाच करावी लागेल. त्या आजींना तिखट कमी दे.

या वर्षीच्या बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, मागच्या आठवड्यात झाल्या. ज्वारी भिजवून, भरडून ठेवली होती. पहाटे अंधारातच चूल पेटवली, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवला. शेजारच्या काकू आणि वहिनी आल्या. ऊन वर यायच्या आत गच्चीभर बिबड्या पसरून झाल्या. गल्लीतली पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी, गरम घाट्यावर कच्चं तेल घालून द्यायचं त्यांना. तू त्या रांगेत सगळ्यात पुढे असायचीस. घाटा काही पाठवता येत नाही. बिबड्या पाठवतेय. जाळावर भाजायची सोय नाही, तर तेलाचं बोट लावून मायक्रोवेव्हमध्ये फुलव. फुलतात, दादाच्या बायकोनं करून पाहिलंय.

केळ्यांबद्दल तू दरवर्षी कुरकुर करतेस, ते मला पटतं. तुमच्याकडची केळी इक्वेडोर-कोलंबियाहून येतात, दिसायला सुरेख. पण रावेर-यावलच्या केळीची चव ज्याच्या जिभेवर बसली त्याला दुसरी कशी रुचेल? गंमत अशी की युरोपात ताजी फळं न्यायला 2019 च्या डिसेंबरपासून सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या पाच फळांना सूट आहे त्यांत केळं आहे. अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळं. दादानं वाचून दाखवलं तेव्हा नाना लगेच म्हणाले, "मग पाठवू की एक फणी!" सामानात ती केळी पोचेपर्यंत काळी पडतील असं सांगून मी त्यांना थांबवलं. त्यांचं मन मात्र अजून तिथंच आहे.

आंब्याला ती सूट नाही. आणि आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय.

इथं येऊन माझी लेखणी अडते. बाकी सगळ्याला काही ना काही उपाय आहे, आखाजीला नाही. बाजारात घागरी आल्यात, पोळ्या भाजायची मातीची खापरंही आली. पितरांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. शेतावरच्या सालदारांची वर्षाच्या बोलीची सालं संपतील, नवी ठरतील. पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसतील. लिंबाला झोके लागतील, आणि गल्लीतल्या एकेका घरात लेकी येतील. भाऊ जाऊन घेऊन येतात, हातात पिशवी, कडेवर पोर. पोरी दारात आल्या की गल्लीचा आवाजच बदलतो. गौराईची गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. आजी आता खाली बसून खापरावरची पोळी करू शकत नाही, पण खुर्चीवर बसून सुनांना सांगते, हात असा फिरव, तसा फिरव. तिच्या हातावर पोळी फिरत फिरत कोपरापर्यंत मोठी व्हायची, आठवतं? ती रोज विचारते, "पोर आखाजीले येस का?" मी "पाहू" म्हणते.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. सुट्ट्या मोजून मिळतात, तिकिटाचे पैसे झाडाला लागत नाहीत, हे आम्हाला कळतं. पण तू खाटेसाठी रडलीस हे मला कळलं, तसं मी आखाजीला तुझ्या वाट्याची पोळी काढून ठेवते हे तुलाही कळायला हवं. आठवण दोन्हीकडून येते. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, रथ निघतो, तेव्हाही नाना गर्दीत कुणाच्या खांद्यावरची छोटी पोर दिसली की थांबून बघतात. बोलत नाहीत, पण मला समजतं.

या वर्षी नाही तर नसो. पुढच्या वर्षीची आखाजी पंचांगात बघून आम्ही तुला आधीच कळवू. सुट्टीचा अर्ज तेव्हाच टाक. दिवाळीला आली नाहीस तरी चालेल, आखाजीला ये. दिवाळीला तू आलीस की पाहुणीसारखी भेटीगाठींतच निघून जातेस. आखाजीला उन्हात काही करायचंच नसतं. लोळायचं, रस खायचा, झोक्यावर बसायचं, गच्चीवर झोपायचं. तेच तुला हवंय. पाणी मारायला आता नानांची कंबर साथ देत नाही, दादा मारेल.

सामान शेजारच्या काकूंच्या भाच्याबरोबर येतंय. तो फ्रँकफुर्टला उतरून तुझ्याकडे कुरिअर करेल. त्यात कळण्याचं पीठ, बिबड्या, काळा मसाला, लसणाची शेव आणि जाडी तिखट शेव आहे. जाडी शेव भाजीसाठी, ती नुसती खाऊन संपवू नकोस. ऑफिसला शेवभाजी नेलीस तर रस्सा डब्यात आणि शेव वेगळी ने, जेवताना टाक, आधी टाकलीस तर तिचा लगदा होतो. बिबड्या वाटेत तुटल्या तर चुरा फेकू नकोस. त्यावर कच्चा कांदा, तेल आणि तिखट घालून खा.

रविवारी फोन कर. तुझ्याकडे दुपारचे बारा म्हणजे आमच्याकडे साडेतीन. आजीची झोप झालेली असते आणि तिला तेव्हा नीट ऐकू येतं. पीठ मिळालं का, भाकर कशी झाली, तिला तूच सांग.

तुझी,
आई