साहेब, बीटवर दुसरा माणूस द्या

मा. वनमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

काल ११ सप्टेंबर होता, वन शहीद दिन. तुमच्या खात्यात सगळीकडे कार्यक्रम झालेच असतील, फोटोला हार, दोन मिनिटं मौन, राजस्थानातल्या खेजडलीची १७३० सालची गोष्ट, झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई माणसं कशी कापली गेली ती. आमचे मिस्टर पण सकाळी कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मवर गेले, अकरा वाजता घरी आले, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला टांगला, जुना घातला आणि बीटवर, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या जंगलाच्या तुकड्यावर, निघून गेले. एकटे. म्हणून हे पत्र लिहून राहिली मी.

मी वनरक्षकाची बायको. चंद्रपूर जिल्हा, एवढंच सांगते. ताडोबाचा बफर की प्रादेशिक की एफडीसीएम म्हणजे वनविकास महामंडळ, कुठली रेंज, कुठला राउंड हे काही सांगत नाही, कारण मोठी पोरगी दहावीला आहे आणि मधातच बदली झाली तर आमचं सगळं बिघडते. समजून घ्या.

आमच्या नात्यातल्या लोकांना वाटते की फॉरेस्ट गार्ड म्हणजे रोज फुकटात सफारी. पुण्याच्या आत्याबाई तर दर उन्हाळ्यात फोन करतात, जावईबापू, ताडोबाच्या कोलारा गेटचं बुकिंग करून द्या ना, वाघ दिसला पाहिजे हं नक्की. आता त्यांना काय सांगणार की यांचा वाघ जिप्सीत बसून दिसत नाही, हे पायी असतात आणि वाघ पण पायी असतो.

साडेपाचला चहा घेऊन हे निघतात. डब्यात दोन भाकरी, जवसाची चटणी, कांदा. गाडी स्वतःची, पेट्रोल पण बहुतेक स्वतःचंच. जिथे गाडीरस्ता संपतो तिथून पायी, आणि मग पाणवठ्यात पाणी आहे का, सोलर पंप चालू आहे का की कोणी वायर कापून नेली, नाल्याच्या रेतीत पंजे कोणाचे, नर की मादी, सोबत पिल्लं आहेत का, हे सगळं मोबाईलच्या अॅपमध्ये टाकायचं. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लागलेले असले तर त्याचे सेल आणि कार्ड बदलायचे, अस्वलानं कॅमेरा ओरबाडला असेल तर त्याचा पण रिपोर्ट. सागवानाचा ताजा खुंट दिसला की मोजमाप घ्या, पीओआर म्हणजे वनगुन्ह्याची पावती फाडा, आणि मग सात वर्षांनी कोर्टात साक्ष द्यायला जा. तेवढ्यात गावातून फोन येतो की डुकरांनी धान लोळवलं, दुसऱ्या गावातून येतो की बिबट्यानं गोऱ्हा नेला, दोन्हीकडे पंचनामा यांनाच करायचा आणि उशीर झाला की शिव्या पण यांनीच खायच्या. रात्री परत गस्त, कारण डुकरांसाठी शेताच्या धुऱ्यावर तारेत करंट सोडतात लोक, त्या तारेला वाघ चिकटतो तसा माणूस पण चिकटतो. अंधारात ती तार शोधायची म्हणजे काय ते तुम्ही एकदा बघा.

पावसाळा सरला की मी रोज रात्री बल्बखाली बसून यांच्या पँटची आणि मोज्यांची कुसळं काढते, चिमट्यानं. वीस-पंचवीस मिनिटं तरी जातात. कुसळं जास्त असली तर समजायचं की आज कुरणाकडून आले, बारीक गोचीड असले तर नाल्याच्या झुडपातून. तुमच्या अॅपमध्ये चाललेल्या वाटेची रेघ उमटते म्हणतात, माझं अॅप हेच आहे साहेब, यांची पँट. ते विचारल्यावर पण सांगत नाहीत कुठे गेले होते, पँट सांगते.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शेजारच्या बीटला एक वनरक्षक ताई आहेत, लहान लेकरू आहे त्यांना. त्यांच्या बीटला जो रोजंदारी मजूर होता त्याचे पैसे थकले म्हणून तो हैद्राबादला कामाला निघून गेला, आणि नवीन मिळाला नाही. त्या बीटमध्ये पिल्लावाली वाघीण आहे हे सगळ्यांना माहीत. तर या दोघांनी आपापसात ठरवलं की एक दिवस दोघं मिळून ताईंची बीट चालायची, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून आमची. साधी गोष्ट आहे. आमच्या गावात शेतावर राखण करायला पण कोणी एकटं जात नाही, जोडीनं जातात. दोन अडीच महिने बरं चाललं, मी पण रात्री जरा झोपायला लागली होती.

मग वरून मेमो आला. यांच्या मोबाईलची रेघ आपली बीट सोडून दुसऱ्याच्या बीटमध्ये गेली म्हणून, आणि स्वतःच्या बीटचे किलोमीटर कमी भरले म्हणून. खुलासा द्या, तीन दिवसांत. यांनी खुलासा दिला की वाघिणीमुळे जोडीनं फिरतो, तर तोंडी उत्तर आलं की असा काही आदेश नाही. कोणत्या साहेबांनी दिला मेमो ते लिहीत नाही, त्यांनाही वरून आकडे मागत असतील. पण तेव्हापासून ही दोन माणसं आपापल्या बीटमध्ये एकेकटी फिरून राहिली, मधात एक नाला आहे फक्त, आणि नाल्याच्या अल्याड पल्याडून शिटी वाजवतात म्हणे. शिटी ऐकू आली की दुसरा जिवंत आहे. ही आमची सुरक्षा व्यवस्था.

तुम्ही म्हणाल जोडीदार असून काय होते. बरोबर आहे. २० नोव्हेंबर २०२१ ची गोष्ट तुमच्या खात्याला माहीतच आहे. ताडोबाच्या कोलारा भागात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामाला पायी गेल्या होत्या, सोबत तिघे वनमजूर होते. समोर रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली, या लोकांनी वाट बघितली, अर्धा एक तास थांबले, मग बाजूच्या झाडीतून वळसा घालून निघाले आणि तिथेच तिनं मागून येऊन ताईंना धरलं. तिघं सोबत होते तरी. हो. पण काय झालं, कुठे झालं हे लगेच कळलं तरी. माणूस एकटा असता तर संध्याकाळी डबा परत आला नाही म्हणून घरच्यांना कळलं असतं. आणि साहेब, त्या कामाचे नियम पण बघा ना. दर बीटमध्ये आधी तीन दिवस रोज कमीत कमी पाच किलोमीटर मांसभक्षींच्या खुणा शोधत चालायचं, मग दोन किलोमीटरची सरळ रेघ धरून तीन दिवस तृणभक्षी मोजायचे, सकाळी सकाळी, म्हणजे वाघाच्याच वेळेला. २००६ मध्ये राज्यात १०३ वाघ होते, २०१८ ला ३१२ झाले, २०२२ ला ४४४. टीव्हीवर सांगताना छाती फुगते सगळ्यांची, माझी पण फुगते, खोटं कशाला बोलू. पण चारपट वाघ झाले तर त्याच वाटेनं चालणारा माणूस पण एकाचे दोन तरी व्हायला पाहिजेत की नाही?

जंगलातलं एकटं असणं तरी यांना जमते. गावातलं एकटं असणं जास्त वाईट.

मागच्या एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं. यांच्याच बीटमध्ये. गावचं नाव नको. फोन आला तेव्हा हे जेवत होते, ताट तसंच ठेवून गेले, आणि सगळ्यात आधी हेच पोचले, सोबत एक मजूर, दोघांकडे दोन काठ्या. रेस्क्यू टीमची गाडी यायला वेळ लागते, साहेब लोकांना यायला वेळ लागते, पोलिसांना वेळ लागते, तोवर तीनशे माणसं जमली. आणि त्या तीनशे माणसांसमोर सरकार म्हणून उभा कोण, तर बारावी सायन्स झालेला एक वनरक्षक. तुमचा वाघ, तुमचा वाघ म्हणून लोक अंगावर आले. कॉलर धरली, गाडीची हवा सोडली, प्रेताला हात लावू दिला नाही, लेखी पाहिजे म्हणाले की वाघ पकडणार. आता वाघ पकडायचा आदेश देणं काय यांच्या हातात आहे? ती परवानगी कुठून येते ते तुम्हाला माहीत आहे, नागपूरहून, खात्याच्या मुख्यालयातून. पण नागपूर त्या झाडाखाली नव्हतं, हे होते.

आणि मला गाववाल्यांचा राग पण येत नाही. त्यांच्या घरचं माणूस गेलं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तिघी बाया एकाच दिवशी गेल्या, तिकडे लोकांनी काय शांत बसावं? पंचवीस लाख मिळतात म्हणे आता वारसांना, ठीक आहे, मिळायलाच पाहिजेत. पण जी बाई गेली ती यांना ओळखत होती. रस्त्यात तिचं घर, उन्हाळ्यात हे तिच्याकडे पाणी प्यायला थांबायचे. त्या दिवशी हे तिच्या प्रेताजवळ सहा तास बसून होते, सावलीला पण सरकले नाहीत, कारण उठले असते तर लोक म्हणाले असते पळाला. रात्री दोनला घरी आले. शर्ट मला धुवू दिला नाही, मोरीत स्वतः धुतला. चार पाच दिवस कोणाशी बोलले नाहीत. अशा वेळी यांच्याशी बोलायला खात्यातलं कोणी येते का? येते ना, पंचनाम्यात कक्ष क्रमांक चुकला म्हणून फोन येते.

वणव्याचं तर लिहायलाच नको, १५ फेब्रुवारी ते १५ जून आमच्या घरात लग्न, बारसं, काहीच नसते. मोहाच्या झाडाखालचा पाला कोणी पेटवते, फुलं स्वच्छ दिसावी म्हणून, आणि आग पसरते. सॅटेलाईटवरून मेसेज येतो की अमुक ठिकाणी आग दिसली, लगेच जा. सॅटेलाईटला दिसते पण सॅटेलाईट विझवत नाही. पाठीवर ब्लोअर घेऊन पाला उडवत जाळरेषा करायची, एका माणसानं एका बाजूनं, आणि वारा फिरला की पळायचं. मागच्या वर्षी यांच्या भुवया जळाल्या होत्या. छोटा पोरगा हसत होता, बाबा जोकर दिसून राहिले म्हणून.

भरतीच्या वेळी तुम्ही पोरांना चार तासांत २५ किलोमीटर चालायला लावता, पोरींना १६. यांनी पण दिली होती ती परीक्षा, मला लग्नाआधी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की आम्ही शेकडो जण एकत्र चालत होतो, कोणी पाणी देत होता, कोणी गाणं म्हणत होता, कोणी चक्कर येऊन पडला तर बाकीचे उचलत होते. मला आता त्याचं हसू येते. नोकरी लागायच्या एका दिवसासाठी शेकडो सोबती आणि नोकरी लागल्यावर एक पण नाही!

२०२३ ला तुम्ही वनरक्षकांच्या २१३८ जागा काढल्या, चांगलं केलं. पण रिकाम्या बीट भरल्या तरी एका बीटला एकच माणूस राहणार, हिशोब तोच राहिला ना. एका रजेवर गेला की त्याची बीट शेजारच्याला, त्याचा अतिरिक्त कार्यभार, म्हणजे एकट्या माणसाला दोन जंगलं.

मला धोरण बिरण कळत नाही. पण तीन गोष्टी कागदावर करून द्या. पहिली आणि फुकटची, शेजारच्या दोन बीटच्या वनरक्षकांनी जोडीनं गस्त केली तर ती गस्त दोघांच्या नावावर धरा, मेमो देऊ नका, एक परिपत्रक काढा, पैसा लागत नाही त्याला. किलोमीटर कमी भरतील, भरू द्या. दुसरी, वनमजुराला पगार वेळेवर द्या, त्याच्याच भरवशावर यांचा जीव आहे आणि त्याच्या घरी तीन तीन महिने पैसे जात नाहीत. तो उद्या नाही आला तर त्याला दोष कसा द्यायचा, त्याला पण बायको आहे, ती पण माझ्यासारखीच बसते. आणि तिसरी, माणूस मेल्याचा फोन आला की वनरक्षकाला गर्दीत एकटं पाठवायचं नाही, सोबत पोलीस पाठवा नाहीतर एखादा साहेब तरी, ज्याच्या सहीला काही किंमत आहे असा.

बंदूक द्या असं मी म्हणत नाही. बायका मंडळीत हा विषय निघाला होता, काही जणी म्हणाल्या द्यायला पाहिजे, मी म्हटलं नको, हे एवढे भोळे आहेत की बंदूकच सांभाळत बसतील.

हे पत्र मिस्टरांनी वाचलेलं नाही. वाचलं असतं तर पाठवू दिलं नसतं, म्हणाले असते कशाला, साहेब लोकांना वाईट वाटते. आत्ता सात वाजून गेले, अंधार पडला, त्यांचा फोन नॉट रिचेबल येऊन राहिला, ते रोजचंच आहे, टेकडीवर आले की लागते. शेजारच्या ताईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, वहिनी, चारला शिटी ऐकली होती मी. बघते अजून थोडा वेळ.

आपली,
एका वनरक्षकाची बायको

ता.क. सव्वाआठला आले. टॉर्चचे सेल संपले होते म्हणून मोबाईलच्या उजेडात आले आणि त्यात बॅटरी गेली. टॉर्चचे सेल आम्ही किराण्याच्या यादीत लिहितो, साखर आणि चहापत्तीच्या खाली.