नलूस पत्र

पुणे, रविवार रात्र

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार. चार महिने तुझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही, याचा राग तू धरला असशील, तर तो रास्तच आहे. माझा गुडघा बरा आहे, आईही ठीक आहे. लिहायला धजावत नव्हते त्याचे कारण वेगळे आहे.

आषाढातल्या एका रात्री, साडेअकराच्या सुमारास, आमच्या रात्रनिवाऱ्याच्या दारात चौघे जण भिजत उभे होते: एक बाई, तिची दोन लहान मुले आणि मुलांची मावशी. मावशी म्हणजे त्या बाईचा पाठचा भाऊ म्हणून जन्मलेली. शेजाऱ्यांनी तिच्यावरून कुरबूर केली म्हणून घरमालकाने सगळ्यांचेच सामान बाहेर काढले होते. धाकटीच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती चप्पल मावशीने पदराखाली धरली होती. आमच्या नोंदवहीत पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने. मी आईला आणि मुलांना बायकांच्या खोलीत घेतले आणि मावशीला पुरुषांची खोली दाखवली. तिने आत नुसते डोकावून पाहिले, चप्पल भाचीच्या हातात दिली आणि जाऊन पायरीवर बसली. सकाळी ती तिथे नव्हती. दुपारी मुलांना घेऊन आईही तिला शोधायला निघून गेली, ती परत आली नाही.

नलू, मला नियम ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. शहरात दर लाख वस्तीमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा असलेला निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले. कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. 2019 च्या कायद्याने तर तृतीयपंथी व्यक्तीला कुटुंबासोबत एका घरात राहण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे जे करायला कायद्याने घरच्यांना मनाई केली, ते मी दारात उभी राहून केले. गरिमा गृहाचा, म्हणजे फक्त तृतीयपंथी व्यक्तींसाठी असलेल्या सरकारी योजनेतल्या निवाऱ्याचा, पत्ता द्यायला हवा होता, असे सगळे म्हणतात. पंचवीस जणांची ती सोय फार मोलाची आहे; पण तिथे ती एकटीच गेली असती, आणि भाच्यांची वेणीफणी तीच करत होती.

2014 च्या एप्रिलमध्ये तृतीयपंथी ही वेगळी ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा आपण गच्चीवर भांडलो होतो, आठवते? "कागदावर तिसरा रकाना आला म्हणून कुणाला अंथरूण मिळत नाही," असे तू म्हणालीस आणि मी चार दिवस अबोला धरला. तेव्हा तुझे बरोबर होते, पण आमच्याकडे तर तो रकानासुद्धा नव्हता. आता मी तो पट्टीने आखून घेतला आहे. अडगळीची खोली रिकामी करून तिला आतून कडी बसवली आहे आणि एका घरातली माणसे एकत्र राहतील एवढ्या सतरंज्या तिथे टाकल्या आहेत. वरिष्ठांची परवानगी मात्र अजून नाही, त्यासाठी अर्ज करते आहे. शिवाय रात्रीच्या आसऱ्यानंतर पुढचे पाच-सहा महिने कुटुंबाने राहायचे कुठे, याला अर्जात नुसते "पुनर्वसन" लिहून भागणार नाही.

मुलीच्या बारावीचे कळले, तिला शाबासकी सांग. नव्या घरात पाणी नीट येते का?

अर्जाचा मसुदा सोबत पाठवते आहे. दुसरे पान तू नव्याने लिहून दे, तिथे माझी भाषा फार विनवणीची झाली आहे. गुरुवारपर्यंत पाठव.

तुझीच,
शैला