खिडक्यांना पत्रा कुणी ठोकला, साहेब?

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

त्यातल्या 'सप्रेम'पाशी पेन जरा अडलं, पण पत्र असंच सुरू करायचं असतं हे शाळेत शिकवलंय, म्हणून राहू दिलं.

मी पिठाची गिरणी चालवते, गेली 19 वर्षं. माझी मुलगी 16 वर्षांची आहे, नेमबाजीत 25 मीटर पिस्तूल खेळते. गावाचं नि रेंजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिली नोटीस कोच सरांना जाईल, आणि या सगळ्यात ज्याची काही चूक नाही असा तो एकटाच माणूस आहे.

गेल्या गुरुवारी पोरीचा रक्ताचा रिपोर्ट आला. दोन महिने थकल्यासारखी वाटत होती, पोट दुखतं म्हणायची, म्हणून नेलं होतं. हिमोग्लोबिन कमी निघालं, ते आमच्याकडे घरोघरी असतं. पण डॉक्टरांनी विचारलं, घरात जुना रंग खरवडलाय का, बॅटऱ्यांचं काही काम चालतं का? मी म्हटलं, नाही हो, ती नेमबाज आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "रेंज बंदिस्त आहे?" मग शिशाची तपासणी झाली. 11 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 झालं की शिसं कुठून येतंय ते शोधा. मी शोधलं. तुमच्या खात्याचा वेळ वाचवला म्हणा ना.

आधी आमची रेंज उघडी होती. मुलांच्या डोक्यावर छप्पर, पुढे मोकळं मैदान, टोकाला मातीचा बांध. वाऱ्याच्या अंदाजासाठी छोटे झेंडे लावलेले असत. पहिल्या दिवशी पोरगी घरी आली ती वाऱ्याबद्दलच बोलत होती. झेंडा फडफडला की थांबायचं, पडला की श्वास सोडत दाबायचं. पाऊस आला की सगळी छपराखाली मागे सरकून चहा पीत बसायची. शूटिंगमध्ये मजा काय असते हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं नुसता नेम असतो.

मग शेजारी सोसायट्या आल्या. रेंज आधीची, सोसायट्या नंतरच्या, पण आवाजाची तक्रार मात्र रेंजची. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, हे मलाही मान्य आहे. त्यांच्या घरात म्हातारी माणसं असतील, तान्ही पोरं असतील. माझ्याही गिरणीवर तक्रार झाली होती. मी जात्याखाली रबर घातलं, भिंत घातली, पहाटेचं दळण बंद केलं. पण हेच 55 डेसिबल तुमच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे कुणालाच कसे आठवत नाहीत, हे एकदा सांगा. 12 पोरांच्या पिस्तुलांचं मोजमाप होतं, डीजेपुढे मोजायचं यंत्र बंद पडतं.

तर रेंज हलवली. एका जुन्या गोदामात. सिमेंटच्या उघड्या भिंती, वर पत्रा. उद्घाटनाला मंचावरून सांगितलं गेलं की तीन महिन्यांत हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसेल. कोण बोललं ते लिहीत नाही. तुम्ही, तुमच्या आधीचे की त्यांच्याही आधीचे, हार सगळ्यांच्या गळ्यात सारखाच दिसतो. त्याला आता 18 महिने झाले. मध्ये सोसायटीतून पुन्हा तक्रार आली, आवाज खिडक्यांतून येतो म्हणून. उपाय दोन दिवसांत झाला. खिडक्यांना बाहेरून पत्रे ठोकले. यंत्रणेला निधी नसतो, पत्र्याला असतो.

आवाज आत कोंडला की हवाही आत कोंडते, हे कळायला इंजिनिअर लागत नाही, गिरणीवाली पुरते. पॉइंट टू टूच्या, म्हणजे .22 इंची गोळीच्या पिस्तुलाचा बार 140 डेसिबलच्या वर जातो. कारखान्यात एका ठोक्याला 140 हून जास्त आवाज चालत नाही, तसा नियम आहे. म्हणजे कामगाराच्या कानाला जिथे कायदा हात धरून थांबवतो, तिथे आमची पोरं रोज संध्याकाळी दोन तास उभी असतात. आणि तो बार एकदा होऊन संपत नाही, उघड्या सिमेंटवर आपटून परत येतो. कानाच्या आत बोळ्यासारखा प्लग आणि वरून कान झाकणारा मफ असं दुहेरी घालावं लागतं. रेंजवर मफ सात आहेत आणि पोरं बारा. त्या सातातल्या तिघांचा फोम फाटलाय, तो मी कापडाने शिवून दिलाय. पोरगी आता हाक मारली की "काय?" म्हणते. पूर्वी म्हणायची "आले!". रात्री कानात पंप चालू असल्यासारखा आवाज येतो म्हणते.

आता शिशाचा हिशेब. चुकला असेल तर तुमच्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा, त्या निमित्ताने तरी कुणी फाइल उघडेल. पॉइंट टू टूची गोळी साधारण 2.6 ग्रॅम, शिशाची. बारा पोरं, रोज 60 बार. झालं पावणेदोन किलोच्या वर. महिन्याचे 26 दिवस धरले तर 48 किलोच्या वर. गिरणीच्या भाषेत एक पोतं. बहुतेक गोळ्या समोरच्या सापळ्यात अडकतात, पण आपटून त्यांचा चुरा होतो, आणि काडतुसाच्या बुडातला जो मसाला पेटतो त्यातही शिसं असतं, त्याचा धूर पोरांच्या नाकाशीच. बारीक पीठ सूर्याच्या तिरिपेत दिसतं तरी. हे दिसतही नाही.

एक्झॉस्ट फॅन नाहीत असं नाही हं. पाच आहेत! खेळाडूंच्या मागच्या भिंतीत. म्हणजे समोरचा धूर पोरांच्या तोंडावरून ओढून मागे न्यायचा. ज्याने बसवले त्याला मी माझ्या गिरणीत फुकट शिकवेन : भुकटी जिथे उठते तिथून ओढायची असते, माणसाच्या डोक्यावरून नाही. रेंजवर स्वच्छ हवा मागून यायला हवी, पोरांच्या पाठीवरून सरळ समोर टार्गेटकडे जायला हवी, आणि तिकडून गाळून बाहेर. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याची जी सरकारी संस्था आहे ती म्हणते, फायरिंग लाइनवर हवेचा वेग मिनिटाला 75 फूट ठेवा. आमच्या रेंजवर मी उदबत्ती लावून पाहिली. धूर आधी उभा राहिला, मग माझ्याकडे आला.

आणि झाडलोट? झाडूने, कोरडी. रोज सकाळी एक मावशी येतात, पदर नाकाला लावून खाली पडलेलं सगळं हवेत उडवतात. ओल्या फडक्याने पुसावं नाहीतर चांगल्या फिल्टरच्या मशीनने ओढून घ्यावं, इतकंच. त्यांचं रक्त कोण तपासणार? त्या कुणाच्याच यादीत नाहीत, ठेकेदाराच्यासुद्धा.

डॉक्टर म्हणाले, अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. आणि जॅकेटवरची धूळ घरात आणू नका. घरात तिचा चार वर्षांचा भाऊ आहे. ती रेंजवरून आली की आधी त्याला उचलते. उचलायची.

मी पोर्टलवर तक्रार केली. नवव्या दिवशी मेसेज आला, 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. कशी काढली ते विचारायला दुसरी तक्रार केली, तीही निकाली. ऑफिसात गेले तर एक साहेब हसून म्हणाले, "ताई, पोरांना मजा येतेय ना? मग झालं." उत्तर आज देते. मजा यायची, झेंडे होते तेव्हा.

1 ऑगस्ट 2024 आठवतो? कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, ऑलिंपिक ब्राँझ. खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक. त्या संध्याकाळी आमच्या चौकात पाच फ्लेक्स लागले, चारांवर स्वप्निल कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा. तेजस्विनी सावंत 2010 ला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 ला एशियाडचं सोनं आणलं, तेव्हाही हेच. मेडल आलं की बक्षिसाचे आकडे तोंडपाठ, आणि मेडलच्या आधीची दहा वर्षं पोरगी काय श्वास घेते ते कुणाच्या टेबलावर आहे? बांधकाम दिसतं, त्यावर पाटी लावता येते. हवेवर पाटी लागत नाही.

मागणं फार नाही. पंखे पुढच्या भिंतीला, गाळणीसकट. भिंतींना आवाज शोषणारे, पेट न घेणारे पॅनेल. प्रत्येक पोराला स्वतःचा मफ. बारा पोरं, कोच सर आणि झाडणाऱ्या मावशी, चौदा जणांच्या रक्ताची तपासणी. आणि हे होईपर्यंत जुनी रेंज दुपारचे दोन तास उघडा. सोसायटीत मी स्वतः घरोघर जाऊन बोलेन, निम्मी दळणं माझ्याकडेच येतात.

आपली,
एक गिरणीवाली

ता. क. : पत्र संपवतानाच तुमच्या हस्ते होणाऱ्या गुणवंत खेळाडूंच्या सत्काराचं निमंत्रण आलं. 'खेळाडूंनी किटमध्ये उपस्थित राहावे' असं लिहिलंय. तिचं किट दुहेरी पिशवीत बांधून गच्चीवर ठेवलंय. ती साध्या कपड्यात येईल.