अंगणवाडीच्या बाईंना, श्टुटगार्टहून

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

लसीकरणाच्या कार्डासाठी आपण धरलेल्या हट्टामुळे माझ्या मुलीला इथल्या बालवाडीत प्रवेश मिळाला, हे आपल्याला लिहून कळवावे असे गेले वर्षभर मनात होते.

दारव्हा तालुक्यातून आम्ही निघालो तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. परदेशात गावच्या उपकेंद्राचा कागद कोण पाहणार, असे वाटून मी ते कार्ड घरीच ठेवणार होते. आपण मात्र दोनदा घरी आलात, गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या मात्रेची नोंद राहून गेल्याचे दाखवलेत आणि नर्सबाईंच्या रजिस्टरवरून ती भरून घेऊन त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राचा शिक्काही आणलात. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा दिल्याशिवाय मुलांना बालवाडीत घेत नाहीत आणि दोन वर्षांवरील मुलांना दोन मात्रा लागतात, हे मला इथे आल्यावर समजले. कार्डाला भाषांतर जोडले आणि काम झाले.

त्याहून मोठे ऋण आपल्या एका वाक्याचे आहे. वर्षाच्या वरील प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क इथे २०१३ पासून कायद्याने आहे. पण जागा अपुऱ्या असल्याने नाव नोंदवून थांबावे लागते, आणि आम्ही सात महिने थांबलो. त्या काळात एका सल्लागाराने आम्हांला पटवले होते की मुलीला खाजगी इंग्रजी बालवाडीतच घालावे आणि तिचा गोंधळ होऊ नये म्हणून घरीही इंग्रजीच बोलावे. तिथली फी यांच्या पगाराचा मोठा वाटा खाणारी होती, तरी आम्ही अर्ज भरला होता. त्या रात्री आपण फोनवर म्हणालात, "पोरीसंगं घरी आपल्याच बोलीत बोलजा, तिकडची भाषा थे तिथल्या पोराईतच शिकन." आम्ही अर्ज मागे घेतला आणि नगरपालिकेच्या साध्या बालवाडीची वाट पाहिली. पुढे तिथल्या शिक्षिकेनेही पहिल्याच भेटीत हेच सांगितले की घरची भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा अधिक सहज उचलते.

इथे मुलाला पहिल्या दिवशी दारात सोडून जाता येत नाही. पहिले तीन दिवस मी तिच्याबरोबर वर्गात बसले, चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर गेले, मग हळूहळू तो वेळ वाढवला. नव्या मुलाच्या आईला आपण ओट्यावर बसवून ठेवत असा, ते मला तेव्हा सारखे आठवत होते.

सहा वर्षांपर्यंत ही मुले खेळतात, माती कालवतात, पावसातही बाहेर जातात. अक्षरे नंतर, प्राथमिक शाळेत. मुलगी पाच वर्षांची होत आली तरी तिला लिहिता येत नाही, याची आमच्या घरच्यांना काळजी वाटते, आणि प्रारंभी मलाही वाटली. परंतु आपणही आमच्या मुलांच्या हाती पाटीआधी चिंचोके आणि तुरीचे दाणे दिले होते. शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० साली 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हा शब्द इथेच जर्मनीत रूढ केला आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी उभी केली. मानधनावर राबणाऱ्या आपल्यासारख्या सेविकांनी तेच काम आमच्या ओसरीपर्यंत आणले, आणि त्याबद्दल आपल्याला कोणी पत्र लिहिल्याचे मी कधी ऐकले नाही.

मुलगी आता मैत्रिणींशी जर्मनमध्ये भांडते आणि रात्री आजीशी वऱ्हाडीत बोलते. आपल्याच तालुक्यातले आणखी एक कुटुंब पुढच्या महिन्यात इकडे येत आहे. निघण्यापूर्वी मुलाचे कार्ड घेऊन आपल्याला भेटावे, असे मी त्यांना सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या अंगणवाडीतल्या एका मुलीची आई