इंग्रजीला ‘तुम्हीच ठरवा’, मायक्रोबायोलॉजीला ‘कागद आणा’: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेज चान्सलरना खुलं पत्र

मा. चान्सलर बाई,
कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉलेजेस, सॅक्रामेंटो

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितेय, त्याबद्दल आधीच माफी मागते. कॉलेजला इंग्रजीत तीन वेळा लिहून झालं, तिन्ही वेळा मशीनचं तेच उत्तर आलं, तुमचा मेसेज आम्हाला मिळाला. मिळाला तर मिळाला. वाचणारं कुणी नसणारच असेल तर निदान आपल्या भाषेत तरी लिहावं, चार मराठी माणसं वाचतील आणि त्यातल्या दोघी-तिघींचं हेच झालेलं असेल.

मी मूळची मिरजेची. २००१ ची बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. त्यानंतर सहा वर्षं तिथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. मिरजेत पावलापावलावर हॉस्पिटल, त्यामुळे सॅम्पलला तोटा नव्हता. टीबीच्या स्लाइड, ग्रॅम स्टेन, लघवीचं कल्चर, अगार ओतताना भाजलेला अंगठा, सगळं केलंय. मग लग्न, व्हिसा, बे एरिया, पोरगी, आणि बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा व्हिसा) घरी. आता ग्रीन कार्ड आलं, पोरगी अकरावीत गेली, म्हटलं इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नर्सिंग करूया.

जानेवारीत कॉलेजच्या काउन्सेलरनी माझी डिग्री बघितली आणि हसून म्हणाल्या, यू आर ऑल सेट. त्या ऑल सेटवर विसंबून मी दोनशेच्या वर डॉलर घालून ट्रान्स्क्रिप्टचं इव्हॅल्युएशन करून घेतलं. त्यासाठी सीलबंद पाकीट लागतं, ते आणायला माझ्या चुलतभावाने मे महिन्याच्या उन्हात विद्यापीठात तीन खेपा घातल्या (तिथल्या खिडकीवरचा माणूस जेवायला जातो तो कधी येतो ते ब्रह्मदेवालाच ठाऊक). एवढं सगळं करून रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी सातला लॅपटॉप उघडून बसले, तर लाल अक्षरात, प्रीरिक्विझिट नॉट मेट, म्हणजे या विषयाआधी जो विषय झालेला लागतो तो तुमचा झालेला नाही.

आता हे नीट ऐका, कारण मला स्वतःलाच समजायला आठवडा गेला. माझी मायक्रोबायोलॉजी जुनी झाली, नर्सिंगला सात वर्षांच्या आतली लागते, म्हणून परत करा. ठीक, करते. पण परत करायला आधी केमिस्ट्री लागते. केमिस्ट्री मी दोन वर्षं केलीय. पण तुमची केमिस्ट्री आमच्या केमिस्ट्रीसारखी आहे का ते कळत नाही, लॅबचे तास दिसत नाहीत, सिलॅबस आणा. म्हणजे मला मायक्रोबायोलॉजी येते म्हणून डिग्री मिळाली, ती डिग्री जुनी म्हणून परत शिका, आणि परत शिकायची तुमची लायकी नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, परत एकदा वाच, तुझीच काहीतरी गडबड होतेय. त्याचीही तीच अवस्था झाली वाचून.

बाई, तुम्ही स्वतः केरळातनं बीएस्सी करून इकडे आलात. आपली मार्कलिस्ट कशी असते हे तुम्हाला मी काय सांगावं. पेपर एक, पेपर दोन, प्रॅक्टिकल, एकूण, पास. त्यात लॅबचे तास कोण लिहितं? दर शनिवारी दुपारभर टायट्रेशन करत उभं राहायचो, ते तास त्या ‘प्रॅक्टिकल’ या एका शब्दात गेले.

गंमत म्हणजे इंग्रजी हा माझा कच्चा विषय. बारावीला काठावर. तर इंग्रजीला तुमच्या कॉलेजने मला काय विचारलं? परीक्षा नाही, कागद नाही, ऑनलाइन चार प्रश्न, आणि तुम्हाला कुठल्या वर्गात बसावंसं वाटतं ते तुम्हीच ठरवा. मी डायरेक्ट कॉलेज लेव्हल टिक केलं, पास पण झाले, बी मिळाला. हे २०१७ च्या एबी ७०५ कायद्यामुळे, मला माहितीय, वाचलंय सगळं, रिकामपण भरपूर आहे. त्याआधी प्लेसमेंट टेस्ट घेऊन पोरांना रेमिडियलच्या दोन-दोन, तीन-तीन पायऱ्यांवर बसवायचे आणि वरच्या पायरीला पोचायच्या आतच निम्मी गळायची. तो कायदा चांगलाच केला, २०२२ ला एबी १७०५ आणून अजून घट्ट केला, त्याबद्दल खरंच आभार. पण जिथे मला येत नव्हतं तिथे विश्वास ठेवलात आणि जिथे हात पोळलेत तिथे विश्वास नाही, ही कुठली तऱ्हा?

प्रीरिक्विझिट नकोतच असं मी म्हणत नाही. कॉन्टॅमिनेशन म्हणजे काय ते न कळणारी नर्स माझ्या सासूबाईंच्या सलाइनजवळ मलाही नको. केमिस्ट्री न येता मायक्रोला बसलेलं पोरगं दुसऱ्या परीक्षेला रडतं, हे पण खरं. पण प्रीरिक्विझिट म्हणजे येतंय का हे बघणं, ना? इथे येतंय का हे कुणी विचारलंच नाही. वीस प्रश्नांचा पेपर द्या, आत्ता देते, स्वयंपाक गॅसवर ठेवून देते.

तुमच्याच नियमात चॅलेंज नावाची सोय आहे, टायटल फाइव्ह या राज्याच्या शिक्षण-नियमावलीत. विद्यार्थ्याला विषय येत असेल तर तो प्रीरिक्विझिटला आव्हान देऊ शकतो. ही सोय पण कुणी दयेने दिलेली नाही. १९८८ साली माल्डेफने (मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था) केस टाकली होती, की ही प्रीरिक्विझिट्स लॅटिनो पोरांना बाहेर ठेवायला वापरतात, त्यानंतर हे नियम बदलले. मी फॉर्म भरला. पाच कामाच्या दिवसांत निर्णय आणि तोपर्यंत वर्गात जागा असेल तर बसू द्यायचं, असं असतं. मला उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. डिनाइड, कागदपत्रं अपुरी. तोपर्यंत मायक्रो फुल, ॲनाटॉमी फुल, आणि ज्या केमिस्ट्रीला मला ढकललं तिच्या वेटलिस्टवर मी अडतिसावी.

आणि त्याच कॉलेजात, त्याच केमिस्ट्रीत, माझी पोरगी बसलीय. ड्युअल एनरोलमेंट, हायस्कूलमधनंच, फुकट. रात्री ती मला मोल्स विचारते आणि मी तिला शिकवते.

पैशाचं रडगाणं नाहीये हे. एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर, पाच युनिटचे २३० होतात, ते भरू. वर्षांचं काय? एक सेमिस्टर केमिस्ट्री, मग मायक्रो आणि ॲनाटॉमी, मग फिजिऑलॉजी, मग टीस ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा, मग नर्सिंगचा अर्ज, तिथे निवड कुठे पॉइंटवर तर कुठे चक्क लॉटरीने, मग दोन वर्षं. मी पंचेचाळीसची आहे. पन्नाशीला पहिलं इंजेक्शन देणार, तेही लॉटरी लागली तर. इकडे हॉस्पिटलवाले नर्स मिळत नाहीत म्हणून बोंबलतायत, परदेशातनं नर्सेस आणतायत, आणि परदेशातनं आधीच आलेली बाई इथे स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरतेय.

१९६० च्या मास्टर प्लॅनपासून तुम्ही सांगता की कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. दार उघडंच आहे हो, आतल्या प्रत्येक खोलीला कुलूप आहे. ११६ कॉलेजं, वीस लाखांवर विद्यार्थी. शंभरात एक जरी असा अडकला तरी वीस हजार होतात, मिरजेचा अर्धा बाजार भरेल. आणि कुणाला विचारायला जावं तर माणूस म्हणतो, सिस्टीम अलाव करत नाही. डीएमव्हीत (इथल्या आरटीओत) सिस्टीम, इन्शुरन्सला सिस्टीम, इमिग्रेशनला तर विचारूच नका, नवऱ्याची फाइल कुठल्या सिस्टीमच्या पोटात किती वर्षं होती ते आमचं आम्हाला माहीत. तिकडे साहेब जेवायला गेलेला असायचा. तो निदान कधीतरी परत यायचा.

मागणं फार नाही. पाच दिवस म्हणजे पाच दिवस, आणि तोवर माझी जागा दुसऱ्याला देऊ नका. ज्याला येतं त्याला परीक्षा देऊन मोकळं होऊ द्या. एका कॉलेजने एकदा एखाद्या भारतीय विद्यापीठाचा सिलॅबस तपासला की बाकीच्या ११५ कॉलेजांना तो दिसेल अशी काहीतरी सोय करा, म्हणजे प्रत्येकीचा चुलतभाऊ उन्हात जाणार नाही. आणि काउन्सेलरना सांगा, ऑल सेट म्हणायच्या आधी कॉम्प्युटरला विचारा.

परवा आईने माळ्यावरची ट्रंक उघडली, त्यात माझ्या बीएस्सीच्या सिलॅबसची पुस्तिका सापडली. पिवळी पडलीय, स्टेपलच्या पिना गंजून पानाला भोकं पडलीत, पण लॅबचे तास छापलेत त्यात, आठवड्याला किती ते. भाऊ कुरिअर करतोय. कुठल्या टेबलावर पाठवू ते तेवढं कळवा.

आपली,
वेटलिस्टवरची अडतिसावी