नाथसागराच्या भरतीचे वेळापत्रक कोण छापणार?

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षीच्या पुरानंतर आपण आमच्या गावी आला होता आणि पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठी भोंगा बसेल, पाण्याची पातळी दाखवणारा खांब उभा राहील, असा शब्द पारावर उभे राहून दिला होता. खांबासाठी खड्डा तेवढा खणला गेला. या सप्टेंबरात तो सर्वांत आधी भरला.

रात्री अडीचला पाणी गोठ्यात शिरले. विळ्याने दावे कापून बैल सोडवले. गाभण कालवडीपर्यंत पोहोचेतो ती मान वर धरून थकली होती. धरणातून विसर्ग वाढवल्याचा आणि ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ असा संदेश मोबाइलवर आला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी आम्ही शाळेच्या छतावर पुरेसे सतर्क होतो.

मुंबईत साडेचार मीटरपेक्षा उंच भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे पावसाळ्यापूर्वीच जाहीर होते, कारण चंद्र-सूर्याचे गणित आधी मांडता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस मुंबई विसरली नाही, हे योग्यच आहे. आमच्याकडेही १०२ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) सागर आहे. त्याला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, आम्ही नाथसागर म्हणतो. अशा धरणांची भरती चंद्र ठरवत नाही, दरवाजे उघडणारा माणूस ठरवतो. मग तिची वेळ आधी कळवणे चंद्राच्या गणिताहून अवघड कसे? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एवढे मला समजते. मात्र अमुक हजार क्युसेक सुटले तर पाणी माझ्या गोठ्याच्या कितव्या पायरीला लागेल, हे कोणीच सांगत नाही, आणि मला तर तेवढेच हवे आहे.

पंचनाम्याच्या वेळी कार्यालयात ऐकवण्यात आले की आमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झालेला नाही, म्हणून अतिवृष्टी नाही. साहेब, पाणी आभाळातून आले, असे मी म्हटलेच नव्हते. कोरडवाहूला आपत्तीच्या निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००. एवढ्यात माझ्या सोयाबीनचे बियाणे आणि खतही निघत नाही. मोटार, पाइप, कडब्याची गंजी यांचा हिशेब मी मांडलाच नाही. गावातल्या निम्म्या मोटारी तरी गेल्या असाव्यात.

२०१५ च्या एल निनोमुळे (प्रशांत महासागराचे पाणी तापल्यामुळे) पावसाने ओढ दिली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. आता बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे सप्टेंबरात मराठवाड्यापर्यंत सरकतात, तेव्हा धरणे काठोकाठ आणि जमीन तुडुंब असते. पावसाचे हे दोन्ही स्वभाव हवामानशास्त्राला ठाऊक आहेत. आपल्या व्यवस्थेला मात्र दोन्हीवर पंचनामा हे एकच औषध माहीत आहे, आणि तेही रोगी गेल्यावर. पूररेषा निळी (मोठ्या पुराची) आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची) अशी नकाशावर आखतात म्हणे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन्ही रंगांचे आहे ते फक्त पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक.

गोठ्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ मी पुसलेली नाही. खांब बसवायला कोणी आलेच, तर त्यांनी ती मोजून घ्यावी. जमिनीपासून साडेचार फूट आहे.

आपला,
गोदाकाठचा एक शेतकरी